नाव वरच्या ओळीत

पनवेलला कचेरीच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. काउंटरच्या वर मोठ्या अक्षरांत पाटी आहे: 'येथे कायदेशीर सल्ला मिळत नाही.' ही पाटी लावल्यापासून सल्ला मागणारे दुप्पट झाले. लोकांना वाटतं, ही बाई एवढं ठासून नाही म्हणतेय म्हणजे हिला नक्की काहीतरी माहीत असणार.

सल्ला देणारी बाई वर बसते. पहिल्या मजल्यावर, अ‍ॅडव्होकेट अंकिता. जिना माझ्या दुकानाला चिकटूनच आहे. सोळा पायऱ्या. शिवादादाला मी तो जिना इतक्या वेळा दाखवला की शेवटी तो दुकानात आला की जिन्याकडे पाठ करून उभा राहायला लागला.

शिवादादा म्हणजे शिवा धर्मा गावंड. आमच्याच गावचा, आमच्या घरापासून चौथं घर. आमच्या भागातल्या जमिनी प्रकल्पाला गेल्या त्याला आता दोन पिढ्या झाल्या. तेव्हापासून आमच्याकडे घरटी एक फाइल असते आणि प्रत्येक फाइलमागे एक अर्धा वकील. शिवादादा स्वतःला पाऊण समजायचा. तरुणपणी जमिनीच्या केससाठी बापाबरोबर नऊ वर्षं तो कोर्टाच्या व्हरांड्यात बसला होता. केस लढवली वकिलाने, दादा नुसता बाकावर बसून ऐकत होता. पण त्या नऊ वर्षांत 'सदर', 'उपरोक्त' आणि 'तमाम' हे तीन शब्द त्याच्या तोंडात असे बसले, की घरी जेवतानासुद्धा तो बायकोला म्हणायचा, "गोदू, सदर कालवनात मीठ नाय."

मागच्या वर्षी दादाच्या मुलाचं, धनेशचं लग्न ठरायला लागलं. घर जुनं, चार खोल्यांचं, बापाच्या नावावरचं. वर माडी चढवायची तर परवानगी हवी, आणि परवानगी हवी तर घर आधी दादाच्या नावावर हवं. आई-बाप दोघंही गेलेले. वारस दोनच: शिवादादा आणि त्याची धाकटी बहीण मैना. मैनाताई बेलपाड्याला दिलेली आहे. तिचा अर्धा हक्क तिने सोडला की काम झालं.

आमच्यात याला कोणी हिस्सा वगैरे म्हणत नाही. भाऊ म्हणतो, जरा एक सही लागेल. बहीण म्हणते, कधी येऊ? सही होते, भाऊ साडी घेतो, माहेर चालू राहतं. जी बहीण 'जरा वाचून बघते' म्हणते, तिच्या नावाचं जेवण त्या घरात पुन्हा शिजत नाही. मीही एकदा अशी सही केलेली आहे. त्यामुळे हक्कसोडपत्र टाइप करायला कोणी आलं की माझं डोकं आधीच थोडं तापलेलं असतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

दादा रेक्झिनची पिशवी घेऊन आला आणि स्टुलावर बसला.

"हक्कसोडपत्र टाइप कर. मजकूर मी सांगतो. वकील नको, टायपिंग पायजे."

"वर अंकिता आहे दादा. अर्ध्या तासाचं काम आहे तिचं. एकदा दाखवून घे."

"ती पोरगी? तिचा जल्म व्हयाच्या आदीपासून मी कोर्टात हाय."

मी नमुना उघडला. आमच्याकडच्या नमुन्यात पहिल्याच पानावर दोन ओळी रिकाम्या असतात. वरची ओळ लिहून देणाऱ्याची, म्हणजे जो हक्क सोडतो त्याची. खालची ओळ लिहून घेणाऱ्याची, म्हणजे ज्याला तो मिळतो त्याची. पुढे सगळ्या मजकुरात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' एवढंच येतं, नावं पुन्हा येत नाहीत.

"वरच्या ओलीत माजा नाव घाल," दादा म्हणाला. "शिवा धर्मा गावंड."

"दादा, वर मैनाताईचं नाव येतं. हक्क ती सोडतेय ना?"

दादाने चष्मा काढला. "वरती मैनाचा नाव? बहिनीचा नाव भावाच्या आदी? लग्नाची पत्रिका बग, गावकीचा रजिस्टर बग, बाबाच्या दहाव्याचा बॅनर बग. पयला भाऊ, मंग बहीन. आमच्यात नाय तसा, विनिता."

"ही पत्रिका नाही दादा. इथे वर असेल त्याचं जातं, खाली असेल त्याला मिळतं."

"खाली असंल त्याला मिलतं?" दादा एवढ्या मोठ्याने हसला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "अगं, जगात कंच्या गोष्टीत खालच्याला मिलतंय? मना शिकवतंस तू? आन पाटी कोनी लावलीय, सल्ला मिलत नाय म्हनून? तूच ना? मंग टाइप कर."

माझीच पाटी मला दाखवल्यावर मी काय बोलणार? दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी दादाचं नाव वरच्या ओळीत टाइप केलं, मैनाताईचं खालच्या. खोटं कशाला बोलू, टाइप करताना माझी बोटं रोजच्यापेक्षा जरा जास्तच वेगाने चालली.

नोंदणीच्या दिवशी मैनाताई बेलपाड्याहून सकाळीच आली. साक्षीदार म्हणून गोदूवहिनी आणि मी. साहेबांनी दस्त पाहिला, वरचं नाव पाहिलं आणि दादाला विचारलं, "शिवा धर्मा गावंड तुम्हीच? हा दस्त तुम्ही लिहून देताय? वाचलाय?"

"लिवलाय मी. वाचू कशाला?"

"राजीखुशीने देताय ना? कोणाचा दबाव नाही?"

"माज्यावर दबाव?" दादाने गोदूवहिनीकडे बघून मिशीवर हात फिरवला. "कोनाची टाप हाय?"

साहेबांनी मान डोलवली. माणसाने याहून स्पष्ट काय विचारायचं असतं? दादाने पहिला अंगठा दिला, पहिला फोटो काढून घेतला, पहिली सही केली. सगळीकडे आपलं पहिलं बघून त्याचं समाधान झालं. मैनाताईने खाली मान घालून सांगतील तिथे सही केली. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिला वाचता येतं, पण तिने वाचलं नाही.

बाहेर फुटपाथवर दादाने प्लास्टिकच्या पिशवीतून साडी काढून तिला दिली. मोरपंखी, बारीक काठाची.

"कशाला दादा," मैनाताई म्हणाली.

"रीत हाय. घे. माहेर तुजा हायच, कवापन ये." आणि मग पिशवीची चेन लावता लावता, "फकस्त येताना आदी फोन कर. म्हंजे तुज्या वहिनीला बरा परतं."

मैनाताईने माहेरी जाताना आजवर कधी फोन केला नव्हता. दर पंधरवड्याला सुकटीची पुडी घेऊन ती थेट मागच्या दाराने चुलीपर्यंत जायची. वहिनी आणि ती दोघी मिळून भाकऱ्या भाजायच्या. गोदूवहिनीने नवऱ्याकडे रोखून बघितलं. मैनाताई "बरा" म्हणाली, साडीची पिशवी घडी घालून बारीक केली आणि रिक्षात बसली. मला इतका राग आला की त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांना उगाचच ओरडले.

महिन्याभराने दादा पुन्हा दुकानात. हातात कागद, चेहऱ्यावर सण.

"नोटीस आली. शिक्का बग कसा गोल हाय! लॅमिनेट कर, दोनी बाजूंनी. बाबाच्या फोटोखाली लावतो."

मी वाचलं. शिवा धर्मा गावंड यांनी घरावरील आपला संपूर्ण हक्क मैना हिच्या नावे सोडला असल्याने तशी नोंद करण्यात येत आहे, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.

"दादा, वाचलीस का ही?"

"वाचावची काय? दस्त माजा, शिक्का सरकारचा. गरम कर मशीन."

"दादा, ऐक. एकदा वाच. वाटलं तर मी वाचून दाखवते."

"तुजा वाचून झाला ना? मंग झाला."

मशीन गरम केलं. नोटीस आत घातली, दुसऱ्या बाजूने चकचकीत होऊन बाहेर आली. दादाने ती घरी नेऊन धर्माबाबांच्या फोटोखाली खिळ्याला टांगली आणि वर प्लास्टिकची माळ घातली. हरकतीचे पंधरा दिवस त्या माळेखालीच संपले.

मग त्याने माडीचा अर्ज केला. तो आठ दिवसांत परत आला. उत्तर एका ओळीचं होतं: अर्जदाराचा सदर मिळकतीशी काहीही संबंध दिसून येत नाही, मालकाचे संमतीपत्र जोडावे. सोबत नवा उतारा होता आणि त्यावर मालक म्हणून एकच नाव होतं.

ते दादाने माझ्या दुकानात उभं राहून वाचलं. पहिल्यांदा सावकाश, मग भरभर, मग चष्मा पुसून. त्याने कागद काउंटरवर ठेवला. "विनिता, ह्या घरात माजी आई मेली. मी जल्मलो. ह्या लिवतात, संबंध नाय."

मला त्याची दया आली. खरंच आली. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि जिन्याकडे बोट केलं. "दादा, आता तरी वर जा. मैनाताई तयार झाली तर अंकिता दोन दिवसांत दुसरा दस्त करून देईल."

"मैनाला सांगू? मी चुकलो म्हनून?" पाणी पिऊन त्याला पुन्हा जोर आला. "माजी चूक नाय. मना फसवलाय. कोनी फसवला ते शोधावचा हाय फकस्त."

दोन दिवस त्याने दस्ताचा अभ्यास केला. तिसऱ्या दिवशी आला आणि अर्ज सांगायला लागला. "लिव. सदर दस्तातील लिहून देणार हा इसम लबाड व कपटी असून, त्याने माझ्या भोळेपणाचा गैरफायदा घेऊन माझा तमाम हक्क परस्पर देऊन टाकला आहे. तरी उपरोक्त इसमावर कडक कारवाई व्हावी."

मी टाइप करायची थांबले. "दादा, लिहून देणार इसम तू आहेस."

"सदर इसम कोन हाय त्याच्याशी कायद्याला काय करावचा? कायदा तोंड बगून चालत नाय."

"अरे पण तू तुझ्याविरुद्ध..."

"पाटी!" दादाने बोट वर केलं.

मी टाइप केलं. अर्जदार: शिवा धर्मा गावंड. सामनेवाला: शिवा धर्मा गावंड. पत्ता दोघांचा एकच.

सुनावणीच्या नोटिसा दोन आल्या. अर्जदाराची दादाने सही करून घेतली. सामनेवाल्याची घ्यायला साफ नकार दिला. विरुद्ध पार्टीने नोटीस कधी घ्यायची नसते, हा म्हणे व्हरांड्यातला पहिला धडा. पोस्टमन तीन दिवस येत राहिला. "घरात कोन नाय हाय," असं दादा त्याला स्वतः ओट्यावर बसून सांगायचा. शेवटी ती नोटीस दाराला डकवली गेली. गोदूवहिनीने त्या दिवशी मला फोन केला. "विनिता, ह्या मानसाला दोन ताटा वारू का एक?"

सुनावणी समोरच्या कचेरीत होती, साहेब नोंदणीच्या वेळचे नव्हेत, दुसरे. झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन मी बरोबर गेले होते. दादा कडक इस्त्रीच्या शर्टात. साहेबांनी पुकारा केला, "अर्जदार?"

"हजर!"

"सामनेवाला?"

दादाने छताकडे बघितलं. मी त्याला कोपराने ढोसलं. तो माझ्या कानाशी लागला, "तेची नोटीस मी घेतलीच नाय."

"सामनेवाला गैरहजर," साहेब लिहायला लागले. "सबब प्रकरण एकतर्फी चालवण्यात..."

एकतर्फी म्हटल्यावर दादाला घाम फुटला. एकतर्फी म्हणजे जो हजर नाही तो हरला, हे त्याला नऊ वर्षांत पाठ झालं होतं. "हजर हाय! सामनेवाला बी हजर हाय!"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, कागद बघितले, पुन्हा दादाला बघितलं. बहुतेक त्यांच्या नोकरीत याहून वाईट होऊन गेलं असावं. "मग टेबलाच्या या बाजूला उभे राहा. अर्जदार उजवीकडे, सामनेवाले डावीकडे."

दादा डावीकडे गेला. साहेबांनी अर्ज मोठ्याने वाचला. "सदर इसम लबाड व कपटी असून..." मी दादाचं तोंड बघत होते. लाल होत होत ते कानापर्यंत गेलं. मागे बाकांवर पंचवीस माणसं बसलेली, त्यांतली निम्मी ओळखीची. भर लोकांत आजवर कोणी त्याला लबाड म्हटलं नव्हतं.

"यावर तुमचं म्हणणं काय?"

"साफ खोटा हाय!" दादाने टेबलावर हात आपटला. "मी जल्मात कोनाला फसवला नाय! सदर दस्त मी माज्या हातानी केला, पुऱ्या शुद्धीत केला, राजीखुशीनी केला. एकेक अकशर विचार करून लिवलाय मी. त्याच्यात एक बी चूक नाय. लिवून घ्या!"

साहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. वाचून दाखवला. दादाने खाली झोकात सही केली. मी पायाने त्याचा पाय दाबत होते, पण सामनेवाला पूर्ण रंगात आला होता.

"अर्जदार, तुम्हाला यांना काही उलट विचारायचंय?"

दादा टेबलाला वळसा घालून उजवीकडे आला. कमरेवर हात ठेवून त्याने समोरच्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नाय साहेब. मानूस खरा वाटतो."

अर्ज निकाली निघाला. फसवणूक दिसून येत नाही, नोंद कायम. दादा एकाच फेरीत जिंकलाही आणि हरलाही. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर त्याने दोन चहा सांगितले आणि दोन्ही स्वतःच प्यायला. घरी गेल्यावर दोन दिवस जेवला नाही. कोणावर रागावलायस म्हणून गोदूवहिनीने विचारलं, तर म्हणाला, "सामनेवाल्यावर."

आदेशाच्या प्रती तीन निघतात. एक अर्जदाराला, एक सामनेवाल्याला आणि एक मालकाला. मालकाची प्रत बेलपाड्याला गेली.

मैनाताई ती घेऊन माझ्याकडे आली. साधी सुती साडी, हातात तीच प्लास्टिकची पिशवी. "विनिता, ह्याच्यात मना मालक लिवलाय. कोनाची तरी चूक झालेली दिसतंय."

मी तिला स्टुलावर बसवलं आणि दस्ताची प्रत तिच्या हातात दिली. "ताई, वाच."

तिने वाचलं. बोट लावून, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या साक्षीदारापर्यंत. मधे दोन माणसं झेरॉक्सला आली, त्यांना मी हातानेच थांबवलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजे दादानी सोरला. मी नाय सोरला." आणि मान वर करून, "तुला ठाव होता?"

"होतं. दोनदा सांगितलं मी त्याला."

"मना?"

तिला मी एकदाही सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळी भांडणं मी दादाशी केली, आणि जिचं घर जात होतं तिच्यासाठी मी नुसती चिडत बसले. मला लाज वाटली. मी शटर अर्धं ओढलं, तिचा हात धरला आणि सोळा पायऱ्या चढवून तिला वर नेलं.

अंकिताने सगळे कागद वाचले. दादाच्या जबाबावर आली तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. "हा जबाब यांना कोणी सांगितला?"

"कोनी नाय," मैनाताई म्हणाली. "तो सवताचाच सल्ला घेतो."

"दस्त चुकून उलटा झाला, हे कोर्टाला पटवता आलं असतं," अंकिता म्हणाली. "दोन्ही बाजूंच्या मनात काय होतं ते दाखवायचं, वेळ लागतो पण होतं. इथे मात्र यांनी सही करून सांगितलंय की विचार करून केलं, एकही चूक नाही. आता यांनी वकील केला तरी त्याला यांना आधी यांच्यापासूनच वाचवावं लागेल." मग ती मैनाताईकडे वळली. "ताई, आता तुमच्यावर आहे. परत द्यायचं असेल तर नवा दस्त करून देता येईल. द्यायचं नसेल तर तुम्हाला काहीही करायची गरज नाही."

"काईच करावचा नाय?"

"काहीच नाही."

मैनाताईने कागद गोळा करून पिशवीत घातले. "असा बी असतंय," ती म्हणाली. "सई न करता बसून रावाचा, असा मना आजवर कोनी सांगितला नवता."

पुढच्या रविवारी ती माहेरी गेली. जाताना मला बरोबर घेतलं, साक्षीदार म्हणून. फोन केला नाही. अंगावर मोरपंखी साडी, पिशवीत सुकटीची पुडी, आणि आत गेली ती मागच्या दाराने. गोदूवहिनी भाकरी थापत होती. तिने वर बघितलं, एक शब्द न बोलता परात तिच्याकडे सरकवली आणि दुसरा तवा ठेवला.

दादा पुढच्या खोलीत बाबांच्या फोटोखाली बसला होता. बहिणीला बघून उभा राहिला. उभा राहिल्यावर काय करायचं ते त्याला सुचेना.

मैनाताईने पिशवीतून टॉवेल काढला, पांढरी टोपी काढली, शर्टाचं कापड काढलं आणि तिन्ही वस्तू त्याच्या हातावर ठेवल्या. "घे दादा."

"ह्या कशाला?"

"सई केलीस ना. रीत हाय."

आतून गोदूवहिनीचा हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. दादाने टोपी उलटी करून बघितली. मोठमोठ्याने बोलणारा माणूस एकदम लहान आवाजात म्हणाला, "मैना, मना घरातून कारतंस?"

"खुला हाय का तू?" मैनाताईचे डोळे भरले. "मी कशाला कारू? राव. वहिनी रावल, धनेश रावल, सून येल ती रावल. माडीला मी सई देतंय, वकीलबाईनी कागद करून दिलाय, वाचून मंग घे. पन घर माज्या नावावर रावल. माज्या मागून धनेशला जाल, त्याचा बी कागद वकीलबाई करतंय."

"लोका काय बोलतील? बहिनीच्या घरात रातंय म्हनतील."

"मी तीस वर्सां भावाच्या घरात येतंय. मना कोनी काय बोलला नाय." तिने पदराने डोळे पुसले. "माहेर तुजा हायच दादा, कवापन जा, कवापन ये. मी मातर फोन करनार नाय."

दादाने टोपी घातली. मग फोटोखालची नोटीस खिळ्यावरून काढली आणि फाडायला लागला. ती फाटेना. वाकवली, पिळली, दाताने ओढून बघितली. माझ्या दुकानचं लॅमिनेशन चांगल्या जाडीचं असतं. शेवटी मैनाताईने ती त्याच्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि पुन्हा खिळ्याला लावली. त्या दिवशी आम्ही सगळे तिथेच जेवलो. कालवणात मीठ कमी होतं. दादा काही बोलला नाही.

परवा दादा दुकानात आला. जिन्याकडे पाठ नव्हती. "वकीलबाई हाय का वरती?"

"आहे. आता काय झालं?"

"धनेशची पत्रिका छापावची हाय. मजकूर दाखवून घेतो. कोनाचा नाव कंच्या ओलीत घालावचा त्याचा भरवसा रायला नाय आता." आणि कठड्याला धरून तो एकेक पायरी चढला.

तो वर गेल्यावर मी काउंटरचा खालचा खण उघडला. आत माझं स्वतःचं हक्कसोडपत्र आहे, अकरा वर्षांपूर्वीचं, आणि त्याच्याखाली एक गुलाबी साडी, दुकानाच्या कव्हरमधून न काढलेली. एवढी हक्कसोडपत्रं टाइप केली मी, पण हे कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी बोट लावून सगळं वाचलं. कुठेतरी काहीतरी उलटं झालं असेल, अशी मला वेडी आशा होती. वरच्या ओळीत मी, खालच्या ओळीत माझा भाऊ. एकही चूक नव्हती. माझ्या भावाने वकील केला होता.